परेराचा पाचवा भाग

गच्चीचं दार धाडकन लागलं आणि खटका बसला.

“वारा,” अल्फिया म्हणाली.

दोरीवरचे टॉवेल सरळ लोंबत होते. नईमनं टॉवेलांकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं आणि मान डोलावली. मुलगी बघायला गेलेल्या घरात पहिल्याच भेटीत वाऱ्यावरून वाद घालणं बरं दिसत नाही.

खाली, विश्रामबागेतल्या त्या बैठ्या घराच्या हॉलमध्ये दोन्हीकडची माणसं चहा फुंकत बसली होती. “मुलांना जरा बोलू द्या,” म्हणून या दोघांना वर धाडलं होतं. बोलायचं, खाली यायचं आणि हो की नाही ते सांगायचं, एवढंच काम. नईमचा होकार उंब्रजला आपल्या हार्डवेअरच्या दुकानात फोटो बघतानाच ठरला होता. प्रश्न अल्फियाचा होता. याआधीची सगळी स्थळं तिनं याच गच्चीवरून परत पाठवली होती.

“खटका बसला की हे दार आतूनही उघडत नाही. दोन्हीकडून किल्लीच लागते,” ती म्हणाली. “आणि किल्ली स्वयंपाकघरात, खिडकीजवळच्या खिळ्याला.”

“हाक मारू?”

“मारा की. उद्या सगळ्या विश्रामबागेला कळेल, उंब्रजचा नवरदेव गच्चीत अडकला होता.”

नईमनं हाक मारली नाही. त्यानं टॉवेल काढून बाजूला ठेवले, दोरी सोडली, तारेचा हँगर वाकवून तिला बांधला आणि कठड्यावरून खाली सोडला.

“हे तिसऱ्या भागातलं आहे,” अल्फिया म्हणाली.

“कशाच्या?”

“डिटेक्टिव्ह परेरा गेमच्या. दीपगृहातली किल्ली तो असाच गळ टाकून काढतो.”

दोरी नईमच्या हातून सुटता सुटता राहिली. “तुमी परेरा खेळता?”

“सगळे भाग.”

“तिसरा लय भारी हाय,” नईम म्हणाला. त्याचा आवाज थोडा चिरकला होता. “तिसऱ्याला तोडच न्हाई.”

हँगर वर आला. त्याला चहाची गाळणी होती.

त्यानंतर कामाला वेग आला. दुसरा भाग फालतू, यावर एकमत झालं. सहाव्यात खुनी पोपट निघतो, तिथं दोघंही इतके हसले की खाली कुणीतरी “माशाल्ला” म्हणालं. चौथा दोघांनीही मध्येच सोडला होता. पण पहिल्या भेटीत सगळंच सांगायचं नसतं. तेवढ्यात हँगरला सांडशी आली. अल्फिया कठड्यावरून वाकली, तेव्हा तिच्या ओढणीचं टोक विटेवर आपटून टक्कन वाजलं. ओढणी सुती होती. नईम घाईघाईनं पाण्याच्या टाकीकडं बघायला लागला.

“अम्मी, किल्ली!” अल्फिया खाली कुजबुजली.

“खिळ्याला नाहीय गं,” खालून समीनाबी कुजबुजल्या. “शोधते. तोवर हे खावा.”

हँगर पुन्हा वर आला. किल्ली आली नाही. भडंग आलं. पिशवीत दोन चमचेही होते.

दोघं टाकीला टेकून भडंग खाऊ लागले. सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात अल्फिया म्हणाली, “पण सगळ्यात भारी पाचवा.”

“पाचवा?” नईमला ठसका लागला. “त्यो काय गेम हाय व्हय? पहिल्याच सीनला परेराला कळतं, हिरे त्या बाईनंच चोरल्यात. आन् मग शेवटपर्यंत तिच्याच संगं हिरे हुडकत हिंडतो. माळे चढतो, विहिरीत उतरतो. येडा हाय का?”

“त्याला ती आवडते.”

“मग सांगायचं की सरळ!”

“सांगितलं की गेम संपला. ती आपल्या वाटेनं, हा आपल्या वाटेनं. तेवढाच वेळ तिच्याबरोबर मिळतोय, म्हणून गप्प बसतो तो.”

“गुप्तहेर कवा गप्प बसतो व्हय?” नईम म्हणाला. “येडपट भाग हाय.”

अल्फियानं चमचा पिशवीत ठेवला. ओढणी सावरली.

“हे बघा, राग मानू नका. तुम्ही माणूस चांगले आहात. हँगर छान वाकवता. पण ज्याला पाचवा भाग कळला नाही, त्याच्याशी मी निकाह करणार नाही. खाली गेल्यावर मी नाही म्हणणार.”

नईमनं उरलेलं भडंग संपवलं. एकेक शेंगदाणा वेगळा खाल्ला. मग दोरी पुन्हा खाली सोडली. आता तिच्या टोकाला हँगर नव्हता, पण हे दोघांनीही बोलून दाखवलं नाही.

ऊन टाकीच्या पलीकडं सरकलं. शेवटी खालून त्याच्या वडिलांचा, रहिमानभाईंचा, आवाज आला. “नईम! आरं, संसार वरच मांडला का काय? चल, निघायचं हाय!”

नईमनं सुस्कारा सोडला. उठला. खिशातून गाडीचं लायसन काढलं, दाराच्या फटीत सारलं आणि जरा तिरकं केलं. खटका सुटला. दार उघडलं. सगळं एका शिंकेएवढ्या वेळात झालं.

अल्फिया बघतच राहिली. “हे तुम्हाला पहिल्यापासून येत होतं?”

“कुलपंच इकतो मी.”

“मग इतका वेळ गप्प का बसलात?”

नईम दोन पायऱ्या उतरला आणि वळला. त्याचे कान लाल झाले होते.

“पाचवा भाग एवढा पण वाईट न्हाई,” तो म्हणाला. “आन् ती ओढणीच्या गाठीतली किल्ली आता खिळ्याला लावा. अम्मी कवाच्या हुडकायला लागल्यात.”