शेवटच्या चार मात्रा

मुलुंडच्या सोसायटीत जान्हवी रोज सकाळी आज्यांना खुर्चीत बसवून, डोळे मिटायला लावून हातांचा एक जुना नाच शिकवायची. फाटक्या वहीवरून तिने तो पुन्हा उभा केला होता. शेवटच्या चार मात्रांचं पान मात्र गहाळ होतं.

आज ती नेहमीसारखी तिथे थांबली, पण आज्यांचे हात एका लयीत पुढे चालू राहिले. नेमक्या चार मात्रा.

"हे कोणी शिकवलं, प्रेमाकाकू?"

"तुम्हीच की मॅडम! रोज मागून हात धरून शिकवता ना. गार असतात हो तुमचे हात."

सगळ्या खुर्च्या भिंतीला टेकलेल्या होत्या.

जान्हवीला भीती वाटली नाही. हल्ली तिला कशाचंच काही वाटत नसे. ती रिकाम्या खुर्चीत बसली, डोळे मिटले आणि त्या चार मात्रा करून पाहिल्या.

तिचं कोपर जरा खाली आलं, तसं मागून कुणीतरी ते अलगद वर उचललं.