भोंग्याचा घसा

बसडेपोतल्या कामगार संघटनेच्या प्रत्येक निवडणुकीत म्हातारा मेकॅनिक ओरडायचा, “कुलूप लावण्याआधी मतपेटी उघडून दाखवा!” म्हणून त्याचं नाव भोंगा पडलं. “आपलीच माणसं आहेत हो, विश्वास ठेवा,” अध्यक्ष हसायचे. “विश्वास आहे तोवरच दाखवून टाका,” भोंगा म्हणायचा. त्याची कंडक्टर मुलगी लाजेनं मान खाली घालायची. यंदा ऐन मतदानाला त्याचा घसा बसला. पेटी कुलूप लावूनच टेबलावर आली. कुणी हूं की चूं केलं नाही. भोंग्यानं तोंड उघडलं, पण नुसती हवा निघाली. तेवढ्यात मुलगी कडाडली, “आधी उघडून दाखवा!” तिच्यामागे चौघे उठले. अध्यक्षांनी आठ्या घालत पेटी उघडून उलटी केली. आतून झुरळ तेवढं पळालं. “बाबा, औषध आणू?” हुश्श करून भोंगा कुजबुजला, “नको. आता खुशाल बसू दे घसा.”