निनावी अर्ज

"नाव कुणाचं हाय?" आण्णांनी पत्र उलटंपालटं करून पाहिलं. शिसपेन्सिलीनं, मुद्दाम वाकड्या अक्षरात लिहिलेल्या चार ओळी. खाली सही नाही.

समोर चिमणाबाई उभी होती. बिद्रीच्या पलीकडल्या मठात मुलींचं वसतिगृह आहे, तिथली ही स्वयंपाकीण. दोन एसट्या बदलून ती जयसिंगपूरला आण्णांच्या घरी आली होती.

"नाव सांगायचं न्हाय, म्हणून पोरीनं शपथ घातलीया."

आण्णा मठाच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष आणि हायस्कुलात मराठीचे शिक्षक. घरात, शाळेत, मठात सगळ्यांचे ते आण्णाच. शुद्धलेखनाचे इतके कडक, की पत्रिकेतली चूक दाखवल्याशिवाय लग्नात त्यांच्या हातून अक्षता पडत नसत.

त्यांनी पत्र मोठ्यानं वाचलं.

"तीर्थरूप आण्णांना साष्टांग नमस्कार. गुरुवारी सेवेला गेलेल्या मुलीला महाराज खोलीत थांबवून घेतात. दार लावतात. या गुरुवारी परत माझी पाळी आहे. लवकर या."

आण्णांना वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण दोन वर्षांतलं हे तिसरं पत्र. आधीची दोन्ही मंडळानं निनावी म्हणून दप्तरी दाखल केली होती. ठराव आण्णांनीच लिहिला होता, एकही चूक न करता.

"चिमणाबाई, माझी तेजस्वी तिथंच शिकती की. पोटची पोर ठेवलीया मी. तसलं काय असतं तर ती बोलली नसती?"

चिमणाबाईनं त्यांच्या हातातल्या पत्राकडे बोट केलं.

"नाव आणा. आजच्या आज महाराजांना बाहेर काढतो. बिननावाच्या पत्रावर काय करता येत न्हाय."

बोलता बोलता सवयीनं त्यांनी लाल पेन काढलं आणि पहिल्या शब्दाभोवती गोल केला.

"ते लाल काय केलंसा?"

"चूक हाय. बाहेरच्या मोठ्या माणसाला तीर्थस्वरूप लिहायचं. तीर्थरूप फक्त आईबापाला. आमच्या तेजस्वीलासुद्धा पाठ हाय."

चिमणाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं त्या लाल गोलावर बोट ठेवलं. मग तिनं पदर तोंडाला लावला.

"म्या म्हनलं व्हतं, नाव घाल बाई. तर म्हनली, नाव कशाला? पयला शबुद वाचला की आण्णास्नी कळंल."