भुकेचा रंग

पलंगाशेजारच्या काचेच्या डब्यातलं गुलाबी पाणी पिवळं पडलं, तशी ऋचा घाबरली. आईचं रक्त त्या डब्यातल्या बारीक नळ्यांतून फिरूनच परत तिच्या अंगात जात होतं.

"आई, सिस्टरना बोलावू? काहीतरी बिघडलंय."

"बिघडलंय कसलं! पोरी भुकेजल्यात माझ्या." वृंदाताई उशीवरूनच हसल्या. "वरच्या बाटलीत त्यांचं खाणं आहे, तिची चावी सोड."

पोरी म्हणजे त्या पाण्यात वाढणाऱ्या, एका उंदराच्या यकृतातल्या कॅन्सरच्या पेशी. उंदीर केव्हाच मेला. या मात्र मरायचं विसरल्या. वृंदाताईंनी प्रयोगशाळेत त्यांच्यावर औषधं तपासण्यात उभी नोकरी घालवली. दिवाळीच्या पहाटेसुद्धा आधी जाऊन त्यांचं खाणं बदललं, मग घरी येऊन फराळ केला. आता वृंदाताईंच्याच यकृताने हात टेकले, आणि डॉक्टरांनी त्याचं काम या पेशींवर सोपवलं.

"पण शेवटी कॅन्सरच ना तो?" चावी सोडत ऋचाने विचारलं.

"कॅन्सरच. पण नळ्यांच्या पडद्याआड कोंडलाय, माझ्यात शिरणार नाही. मरायचं विसरल्या असतील, यकृताचं काम नाही विसरल्या. इतकी वर्षं मी त्यांना सांभाळलं, आता त्यांची पाळी."

डब्यातलं पाणी हळूहळू गुलाबी झालं. ऋचाने आईकडे पाहिलं. महिनाभर हळदीसारखे पिवळे दिसणारे तिचे डोळे निवळले होते.

"आता बोलाव सिस्टरना," वृंदाताई म्हणाल्या. "मलाही भूक लागलीय."