पहिल्या प्रतीचं लोणी

आर्डिसने ताटली नवऱ्यापुढे ठेवली. "घे, भोपळ्याच्या कुकीज. गरम आहेत."

"म्हणजे यंदाचे पुठ्ठे भाजून झाले वाटतं," वर्लिन म्हणाला.

त्याला हृदयाचा झटका येऊन गेल्यापासून सहा वर्षं दर ऑक्टोबरात ती अशाच कुकीज करत आली होती. ओट्सचं पीठ, साखर चिमूटभर आणि लोण्याऐवजी सफरचंदाचा गर. आणि दर ऑक्टोबरात तो हेच बोलत आला होता. विस्कॉन्सिनमधल्या लोण्याच्या कारखान्यात चव घेऊन प्रत ठरवण्यात त्याची सगळी नोकरी गेली होती.

"खा मुकाट्याने."

त्याने तुकडा मोडून जिभेवर ठेवला. चावला मात्र नाही.

"ताज्या सायीचं आहे," तो हळूच म्हणाला. "बिनमिठाचं. पहिल्या प्रतीचं."

आर्डिस पाठ फिरवून पुसलेलाच ट्रे पुन्हा पुसू लागली.

"हॉस्पिटलमधून फोन आला होता ना?"

"दुपारी. तू झोपला होतास."

"ऑपरेशन?"

"नाही करणार म्हणाले. उपयोग नाही म्हणाले."

वर्लिनने उरलेली कुकी ताटलीत ठेवली आणि ताटली दूर सारली.

"खा ना रे. आता कशाला…"

"आर्डिस, उद्या सफरचंदाचा गर घालून कर," तो म्हणाला. "नेहमीचे पुठ्ठे. मी नावं ठेवीन."