पुढच्या नाताळची बरणी

डॉक्टरांनी युलाली आजीला ईस्टरपर्यंतची मुदत दिली, त्याच आठवड्यात तिने नात जोनेलला मनुका आणि चेरी रममध्ये भिजत घालायला बसवलं. ग्रेनाडात नाताळच्या काळ्या केकची फळं वर्षभर आधीच मुरायला ठेवतात.

आजीने जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. स्वयंपाकघरातही तिचा धडा चालूच असे.

"क्रियापदाआधी 'आउट' लावलं की दुसऱ्याच्या पुढे जाता येतं. दुसऱ्यापेक्षा जोरात पळालीस, तर 'आउटरन'. दुसऱ्यापेक्षा जास्त जगलीस, तर?"

"आउटलिव्ह!" जोनेलचा चेहरा खुलला. "म्हणजे आजी, तू त्या डॉक्टरलाही मागे टाकणार!"

"बडबड पुरे, रम ओत. अगं, औषध पाजतेयस का? फळं बुडू देत की!"

जोनेलने बरणी काठोकाठ भरली आणि लाकडी पळी आजीपुढे धरली. "आता ढवळ. दरवर्षी तूच ढवळतेस."

आजीने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"यंदा तू ढवळ. माझ्यापेक्षा जास्त जगायचंय ते माझ्या केकला."