चकतीचं म्हणणं

पुलापलीकडच्या देशातल्या दवाखान्यात चार तास बसून कुमुदिनी वैतागली होती. आपल्याकडं कसं, मनगटातली चकती दारातच दुखणं ओळखते आणि औषध हातात पडतं! पण आठ दिवस पोटात कळा येत असूनही चकती तिला ठणठणीत ठरवत होती, आणि तिच्या देशातले डॉक्टर चकतीपलीकडं बघायलाच तयार नव्हते.

अखेर नंबर लागला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बोला, काय होतंय?"

कुमुदिनीनं सवयीनं मनगट पुढं केलं.

"ते नको. तुम्ही सांगा. टोचतंय, की जळजळतंय?"

चाळीस वर्षांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. तिला धड एक शब्द सुचेना. चिडून तिनं मनगट टेबलावर आपटलं.

"आपण ठणठणीत आहात," चकती गोड आवाजात म्हणाली.